बाबांच्या गाडीचे स्टीअरिंग बुश मीच बनवले

मित्रांनो, आज बाबांनी आमची जुनी कार स्वतः अभनपूरपर्यंत चालवली!

स्टीअरिंगचे बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या, झिजल्यानं गाडी कधीची अंगणात उभी होती. नवे बुश कुठंच मिळेनात, म्हणून बाबा ती भंगारात द्यायला निघाले होते. मग मी जुन्या बुशांची मापं घेतली आणि घरच्या छोट्या लेथ यंत्रावर पितळेचे नवे बनवले. पहिले ढिले झाले. पुन्हा केले, ते घट्ट बसले.

आधी रिकाम्या मैदानात मीच गाडी चालवून पाहिली, मग बाबांना चावी दिली.

पहिल्याच वळणावर ते म्हणाले, "अगं पोट्टी, मस्त वळून राहिली हे!"

बाबा रेल्वेत फिटर होते. कुणाच्या कामाची सहजी तारीफ करत नाहीत. आज मात्र पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, सगळ्यांना बोलावून सांगत होते, "माह्या पोरीनं बनवले!"

तुमच्या हातचं कोणतं काम घरच्यांनी असं मिरवलं?