जिनिंगच्या भिंतीपाशी हडळ

दिग्रसच्या हडळीला सगळ्यांत आधी पाहिलं ते राठोडनं, आणि तिला सगळ्यांत जास्त घाबरलो ते मी.

त्याआधी माझ्या गुडघ्यांविषयी सांगायला हवं. (कुणी विचारलं नाही तरी मी सांगतोच, असं मंदाचं, म्हणजे माझ्या पत्नीचं म्हणणं आहे.) आयुष्यभर सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलो, निवृत्त होऊन उठायला गेलो, तर गुडघे उठायलाच तयार नाहीत! डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "सांध्यातली गादी झिजलीय. ती काही परत यायची नाही. पण चालत राहिलात तर चालाल, बसलात तर बसाल." व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मांड्या बळकट करायचे प्रकार दाखवले आणि शेवटी म्हणाल्या, "थोडं उलटंही चाला, मागे मागे. पण घरातच, भिंतीला धरून आणि कुणीतरी जवळ असताना. मन प्रसन्न ठेवा. स्वतःशी चांगलं बोला."

इकडे पुण्याहून मुलाचे, निखिलचे फोन. "बाबा, इकडे या. लिफ्ट आहे. खाली उतरायची गरजच पडणार नाही." गरज पडणार नाही म्हणजे काय, ते मी त्याच्याकडे राहून पाहिलं होतं. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची आणि तिच्यात माझ्यासारखाच एक म्हातारा बसलेला असायचा. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि दोघंही घाबरून पडदा ओढायचो! शेवटी तह झाला. होळीला निखिल येणार. मी काठीशिवाय धड चालताना दिसलो तर आम्ही दिग्रसलाच राहणार, नाहीतर घराला कुलूप. त्या कुलपाच्या विचारानं मला झोप लागत नव्हती.

आमच्या घरातल्या भिंती कपाट, फ्रिज आणि शिलाई मशीन यांनी अडवलेल्या. लांबलचक मोकळी भिंत एकच, गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची. बाईंच्या सूचनेतली भिंत मी तेवढी लक्षात ठेवली, घर आणि सोबत सोयीस्कर विसरलो. (सोबत म्हणजे मंदा, आणि ती 'पडाल, पडाल' म्हणूनच पाडते.) उजाडायच्या बेताला, ती उठायच्या आत, तिचीच पांढरी शाल डोक्यावरून घेऊन मी निघायचो.

थंडीत त्या भिंतीपाशी धुक्याची धुई उतरते आणि जागची हलत नाही. जिनिंग बंद होऊन किती काळ लोटला, पण सरकीचा वास अजून विटांमध्ये मुरलेला आहे. काटेरी तारेला कापसाचे जुने पुंजके लटकलेले, वारा नसतानाही हलणारे. उलटं चालताना आपण कुठं चाललो ते दिसत नाही. दिसतो तो मागं टाकलेला रस्ता, आणि तोही डोळ्यांदेखत पुसला जातो. मन प्रसन्न राहावं म्हणून मी मोठ्यानं म्हणायचो, "मी आहे. मी इथंच आहे. मी इथून जाणार नाही."

मग तो आवाज यायचा. कट्. कट्. भिंतीच्या आतून कुणीतरी माझ्याबरोबर चालत असल्यासारखा! मी थांबलो की तो थांबायचा. मी निघालो की निघायचा. उंदीर असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. मी थांबल्यावर थांबणारे शहाणे उंदीर!

अशात एका सकाळी शेजारचा राठोड घरात शिरला. तो मूळचा बंजारा तांड्यावरचा, शेती अजून तिकडेच, त्यामुळे पहाटे त्याच रस्त्यानं शेतावर जायचा.

"साहेब, जिनिंगपाशी हडळ हाय!"

"काहीतरीच काय!"

"माह्या डोयानं पाह्यली न! पांढरं नेसलेली, डोक्यावरून पदर. तोंड माह्याकडं अन् जाऊन राह्यली तिकडं! पाय उलटे, साहेब, पाय!"

"बाप्पा!" मंदानं तोंडाला पदर लावला. "काही बोलली काय?"

"बोलली न! म्हने, मी इथून जाणार नाही!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ते तर माझं वाक्य! म्हणजे ती मला रोज ऐकत होती. ऐकून ऐकून तिचं पाठ झालं होतं! ती कटकट उंदरांची नव्हती तर. भिंतीच्या एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं ती, असे आम्ही गेले कित्येक दिवस जोडीनं फिरत होतो! मी पाणी प्यायलो. मग मंदाच्या वाटचंही प्यायलो.

दोन दिवसांत भिंतीच्या कोपऱ्यावर लिंबं, नारळ आणि काळी बाहुली आली. पुसदहून येणारी एसटीही तिथं जोरात हाकतात, असं कुणीतरी सांगितलं. शाळेमागच्या आजींनी हडळीचं माहेरही शोधून काढलं, ते उमरखेडकडचं निघालं! मी मात्र पांघरुणातून बाहेर येईना. आठवड्याभरात गुडघ्यांनी संप पुकारला. खुर्चीतून उठायला मंदाचा हात लागायला लागला आणि तेवढ्यात निखिलचा फोन आला. "बाबा, होळी महिन्यावर आली. सामान बांधायला घ्या म्हणू का आईला?" फोन ठेवला आणि मला चक्क रडू आलं. एका हडळीपायी मी माझं गाव सोडणार होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी राठोडला सोबत घेतलं. त्याच्या खिशात लिंबू, हातात काठी आणि तोंडावर असा घट्ट मफलर की श्वासानं चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झालेल्या. मी शाल खांद्यावर घेतली होती. भिंत आली. धुई इतकी की आपला हात आपला वाटेना.

"साहेब, तुम्ही व्हा पुढं, हळूहळू चाला. मी कोपऱ्यावर लिंबू ठेवून आलोच," म्हणत राठोड खाली वाकला.

मी पुढं निघालो. सरळ चालवेना, गुडघ्यात सुया टोचायला लागल्या. मग नेहमीच्या सवयीनं मी वळलो, भिंतीला हात लावला आणि मागं मागं सरकू लागलो. गारठा वाढला म्हणून शाल डोक्यावर ओढली. कट्. कट्. आलीच ती! धीर यावा म्हणून मी पुटपुटलो, "मी इथंच आहे..."

राठोडनं मान वर केली.

"याडी ये!" तो आईच्या नावानं असा ओरडला की तारेवरचे पुंजके हलले. "हडळ! हडळ!"

त्यानं काठी थेट माझ्या दिशेनं रोखली होती. म्हणजे ती माझ्या अगदी पाठीशी उभी होती! मी मागं वळून बघायची हिंमत केली नाही. जीव घेऊन समोर धावलो, म्हणजे राठोडच्याच दिशेनं. ते बघून राठोड पळाला.

"राठोड, थांबा! राठोड!"

"नाव घेऊन राह्यली वो! माहं नाव घेऊन राह्यली!"

हडळीनं नाव घेतलं की ओ द्यायची नसते, हे त्याला लहानपणापासून माहीत. त्यानं ओ दिली नाही, नुसता वेग वाढवला. मी त्याच्या मागं, माझ्या मागं ती कटकट, अशी आमची मिरवणूक गल्लीतून थेट आमच्या फाटकात शिरली. मंदा अंगणात सडा घालत होती. तिच्या हातातली बादली सुटली.

"अवो! तुम्ही पळून राह्यले!"

"पळतील नाही तं काय, वहिनी?" राठोड ओट्यावर कोसळला. "हडळ मागं होती. साहेबांनी तिले मागं टाकलं!"

राठोड घरी गेल्यावर मंदानं माझ्या अंगावरची शाल ओढून घेतली. तिच्यावरचे कापसाचे पुंजके वेचले आणि माझ्याकडे बघत राहिली.

"उलटं चालत होता न तिथं?"

"बाईंनीच सांगितलं होतं..."

"चालून दाखवा."

मी स्वयंपाकघराच्या दारापासून मागं मागं निघालो. कट्. कट्. बंद खोलीत तो आवाज स्वच्छ ऐकू आला आणि तो माझ्याच उजव्या गुडघ्यातून येत होता. मंदा खाली बसून हसली, मग डोळे पुसून परत हसली. मी ज्याला भीत होतो ते रोज माझ्याच पायजम्यात माझ्याबरोबर घरी येत होतं!

होळीला निखिल आला. माझ्या चालण्याची परीक्षा घ्यायच्या आधीच राठोडनं त्याला पकडलं. "बापाले नेतं कायले? अबे, हडळीच्या हाती लागला नाही तो माणूस!" निखिल एकटाच परत गेला. आता मी अंगणात उलटा चालतो आणि मंदा शेजारी उभी राहून 'पडाल, पडाल' म्हणते.

राहवलं नाही म्हणून एकदा राठोडला खरं सांगून टाकलं. "राठोड, ती हडळ मीच होतो."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. गुडघ्यांशी नजर जरा जास्त वेळ थांबली.

"कायले थट्टा करता, साहेब? मी पाह्यली न तिले. काय चाल होती तिची! कशी अलगद, लचकत मुरडत जाऊन राह्यली होती! तुमच्याच्यानं होते काय ते?"

मी उरलेला चहा संपवला. आयुष्यात माझ्या चालण्याचं पहिल्यांदाच कुणी एवढं कौतुक केलं होतं, आणि तेही जमा झालं एका मेलेल्या बाईच्या नावावर!