सागवानी डॅशबोर्ड, सेंटीमीटरभर जास्त

अन्याय झाला तो आमच्या पॅटर्न शॉपमधल्या कुरुळीच्या मिस्त्रींवर. कधी, तर १९७९ साली, होळीनंतरच्या पहिल्या शनिवारी, पहिली पाळी सुटल्यावर, कारखान्याच्या सायकल स्टँडशेजारी, पंधरा-वीस माणसांच्या देखत. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे गाडी येते, सागवान येतं, आणि लाकडाच्या कौतुकात माणसं मूळ मुद्दा विसरतात. विसरताना मी पाहिली आहेत.

मी चिंचवडच्या त्याच कारखान्यात ट्रेसर होते. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंग्ज ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवायची, हे पगाराचं काम. उरलेल्या वेळात युनियनची पत्रकं लिहायची. सायक्लोस्टाइलच्या एका पानात मावेल एवढंच लिहायचं आणि पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, एवढीच माझी लेखनाची शाळा.

मिस्त्री पॅटर्न करत. पॅटर्न म्हणजे ओतायच्या लोखंडी भागाची लाकडी प्रतिकृती. ती वाळूत दाबून काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात; त्यातून निघतं ते कास्टिंग. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न मुळातच जरा मोठा ठेवावा लागतो. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर शंभर मिलिमीटर लिहिलेले असतात तिथे खरे एकशे एक असतात. तिला श्रिंकेजची पट्टी म्हणतात. मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात ती अठरा वर्षं होती.

साहेब म्हणजे फाउंड्रीचे मॅनेजर. त्यांनी पुण्याच्या कँपातून एक जुनी, छोटी, गोल पाठीची इंग्रजी गाडी घेतली होती. रंग दुधी, इंजिन ठीक, पण डॅशबोर्डचा पत्रा गंजून चाळण झालेला आणि स्पीडोमीटर सुतळीने बांधलेला. नवा भाग मिळायची सोय नव्हती. साहेबांनी मिस्त्रींना विचारलं, लाकडात होईल का? मिस्त्री हो म्हणाले. त्यांनी साहेबांच्या स्टीलच्या टेपने माप घेतलं, सिगारेटच्या पाकिटावर आकडे लिहिले आणि घरी जाऊन, स्वतःच्या सागवानाची फळी केली. त्या शनिवारी मिस्त्री ती सायकलला बांधून घेऊन आले.

फळी देखणी होती. चपड्याचं पॉलिश, मीटरची भोकं तासून गुळगुळीत, कडेला बारीक गोलवा. पण स्टँडशेजारी उभ्या असलेल्या साहेबांच्या गाडीत ती जाईना. डावं टोक बसवलं की उजवं दाराच्या खांबावर चढायचं. सेंटीमीटरभर जास्त.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, गाडी रुंद करून आणू का?"

माणसं हसली. मीसुद्धा हसले, हे लिहायला हवं. हशा मिळाला तसे साहेब पुढे गेले. "ज्याला एका फळीचं माप घेता येत नाही, तो माझे पॅटर्न करतो. तरीच म्हटलं कास्टिंग परत का येतात."

आता कुणी हसलं नाही. मिस्त्रींनी खिशातली पट्टी काढली, तिच्याकडे पाहिलं, परत ठेवली. फळी सायकलला बांधली आणि निघाले.

सोमवारी त्यांच्या हातात कागद. मोजमापात निष्काळजी, सबब पॅकिंग विभागात बदली. म्हणजे खोकी ठोकायची.

गुरुवारी कारखान्याची सुटी. मी पत्रक लिहून कुरुळीला गेले. मिस्त्री पडवीत पटाशीला धार लावत होते. मी खड्या आवाजात वाचून दाखवलं. साहेबाच्या चैनीसाठी कामगाराला वेठीला धरलं, त्याचा घाम, त्याचं रक्त, सगळं होतं त्यात.

"हे कुणाबद्दल हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याबद्दल."

"मला कुणी धरलं वेठीला? गाडी बघितली तवाच माझं हात शिवशिवत व्हतं. हौसेनं केलं मी."

"पण अपमान झाला ना, मिस्त्री?"

"त्यो झाला. त्यो लिव. बाकीचं कशाला? ताई, माझी पट्टी शंभराला एक जास्त धरती. तुझी तर शंभराला पन्नास धरती."

आतून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "आन यांच्या तोंडाची पट्टी कुणी मोजायची? चहा घे गं पोरी, त्यांचं काय ऐकतीस."

मग त्यांनी मला ती फळी दाखवली आणि पट्टी तिच्यावर ठेवली. पट्टीप्रमाणे माप अचूक होतं, आकडा न आकडा.

"टेप सायबाचा, पट्टी माझी. माप बी माझ्याच पट्टीनं घेतलं असतं तर फळी बसली असती. पेटीत साधी पट्टी हाय. पर अठरा वर्षांत हातानं दुसरी मागितलीच न्हाई. चूक माझीच हाय."

"मग तिथेच का नाही सांगितलं?"

त्यांनी पटाशी बाजूला ठेवली. "फाउंड्री कुणाची हाय? मीटरला सेंटीमीटर जास्त म्हंजी काय, हे त्यांना मी सांगायचं व्हय?"

मी पत्रक फाडलं. ट्रेसरच्या टेबलाशी बसून रोज आकडे उतरवणारी मी. ते मलाही तिथल्या तिथे दिसायला हवं होतं. कंपनीसाठी मोठं मापायची सवय हातात इतकी मुरली, की घरच्या कामातही हात कंपनीचाच राहिला. याला निष्काळजी म्हणायचं? आणि हे एका पानात कसं लिहायचं ते मला सुचेना. पहिलीच ओळ 'चूक मिस्त्रींची होती' अशी पडत होती, आणि अशी ओळ मी कधी लिहिली नव्हती.

मिस्त्री मात्र दुसऱ्या फळीला लागले. पहिली तासून भागणार नव्हतं, कारण मीटरची भोकंही त्याच प्रमाणात सरकली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. फळी बसली की साहेब कागद मागे घेतील. त्यांना पॅटर्न शॉपमधली आपली जागा परत हवी होती, एवढंच.

पुढच्या गुरुवारी ते प्राधिकरणातल्या साहेबांच्या बंगल्यावर गेले. बरोबर मी. पट्टी मुद्दाम घरी ठेवली होती. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा गाडीत धरून, कातरून, पुन्हा धरून, त्यांनी जागेचा आकार उतरवून घेतला. एकही आकडा लिहिला नाही. "आता गाडीलाच इचारायचं," म्हणाले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी फळी तयार. गॅरेजमध्ये साहेब, मिस्त्री आणि मी. मिस्त्रींनी डावं टोक आत सरकवलं आणि उजव्या टोकाला तळव्याने हलकेच दाबलं. फळी बसली. स्क्रू लावायच्या आधीच ती हलेना. मग स्पीडोमीटर, मग पेट्रोलचा काटा, आणि कप्प्याचं झाकण, ज्याच्या रेषा फळीच्या रेषांना इतक्या जुळत होत्या की झाकण कुठे ते शोधावं लागे.

साहेबांनी हात फिरवला. "वा, मिस्त्री. हात आहे तुमचा."

मिस्त्री म्हणाले, "साहेब, मागच्या वेळेला श्रिंकेजची पट्टी व्हती."

"ते मला तिथेच कळलं होतं," साहेब म्हणाले. अगदी सहज. "पण तोवर बोलून गेलो होतो. सगळे उभे होते."

मी म्हणाले, "मग तेवढंच लिहून द्या. एक ओळ."

"लिहून कशाला? त्यांच्या मनात काही नाही, तुमच्या का आहे? ऑर्डर निघाली की निघाली. बघू पुढे."

मिस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली. परतीच्या रस्त्यात ते एवढंच बोलले, "झाकण चांगलं जमलं."

दोन वर्षं झाली. मिस्त्री अजून पॅकिंगला आहेत. त्यांची खोकी चौकोनात इतकी पक्की असतात की पलीकडचे लोक ती फोडताना शिव्या देत असतील. साहेबांची गाडी रोज गेटातून आत येते, पाहुणे काचेतून डोकावतात, आणि साहेब सांगतात, डॅशबोर्ड आमच्याच एका माणसाने केलाय. कोणत्या विभागातल्या, ते सांगत नाहीत.

साहेब राक्षस आहेत असं मी आता लिहीत नाही. त्यांना कळत होतं, म्हणूनच राग जात नाही. वीस माणसांत उच्चारलेलं वाक्य त्यांना वीस माणसांत परत घेता आलं नाही, आणि त्या एवढ्याशा अडचणीची किंमत दुसऱ्याने आपल्या हातातल्या कामाने भरली.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या हाताखालच्या माणसाला तुम्ही चारचौघांत नालायक ठरवलं असेल, आणि ते खरं नव्हतं हे तुम्हाला ठाऊक असेल, तर गॅरेजमध्ये नेऊन त्याची पाठ थोपटू नका. जिथे बोललात तिथेच, तीच माणसं असताना, उभे राहा आणि शब्द मागे घ्या. फायलीत ओळ लिहिली असेल तर तिच्याखाली दुसरी लिहा. सही करा. उद्या पहिल्या पाळीला.