सहाशे ऐंशी किलोंची काडेपेटी

काट्यावर बसणाऱ्या माणसाला जगात दोनच गोष्टी दिसतात: भरलेलं वजन आणि रिकामं वजन. मधे उरतो तो माल, आणि माल नेहमी दुसऱ्याचा असतो. आपल्या ह्या काटेवाल्याने एकतीस वर्षं हेच पाहिलं. खडीच्या खाणीच्या तोंडाशी एक पत्र्याची खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीबाहेर जमिनीत बसवलेला भला मोठा लोखंडी काटा, आणि सकाळी सहापासून त्यावर चढणारे ट्रक. ट्रक चढला की आधी खिडकी हादरायची, मग खुर्ची, मग ह्याचे दात. आकडे नाचून नाचून थांबायचे, हा चिठ्ठी फाडायचा, पुढचा ट्रक यायचा.

एकतीस वर्षांत काट्याने त्याला कधी फसवलं नाही. ड्रायव्हरांनी मात्र रोज प्रयत्न केला. कोणी मागचं चाक चार बोटं काट्याबाहेर ठेवायचा. एकजण तर रिकाम्या गाडीचं वजन करताना केबिनमध्ये पाण्याची दोन पिंपं भरून आणायचा, म्हणजे रिकामी गाडी जड दिसावी आणि नंतर भरलेला माल वजनात कमी दिसावा. काटेवाला मान वर न करता म्हणायचा, "आधी पाणी उतरव, मग गाडी चढव."

"काटेवाले, तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसलं नाही. तुझा ब्रेक लागला आणि मागून कोणीतरी गुळण्या केल्या."

असा माणूस. दिवसभर दुसऱ्यांची ओझी मोजणाऱ्याला आवड कशाची लागावी? हलकेपणाची. चाळिशीत त्याने एक जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. जमिनीला चिकटलेली, पत्रा एवढा पातळ की टेकलात तर तुमच्या कोपराची आठवण ठेवेल. पहिल्याच रविवारी त्याने ती काट्यावर चढवली. सातशे वीस. आता हा काटा ट्रकांसाठी केलेला, तो वीस-वीस किलोंनीच बोलतो. त्याच्या खालचं त्याला दिसतच नाही. म्हणून काटेवाल्याने गाडीतून एकेक वस्तू काढायला घेतली. रेडिओ गेला, खालचा गालिचा गेला, राखदाणी गेली, आकडा जागचा हलेना. जादा चाक काढलं तेव्हा सातशे झाला. पुढची दोन वर्षं खपून त्याने सहाशे ऐंशी गाठले आणि त्या दिवशी घरी जाऊन बहिणीला सांगितलं.

"बरं," बहीण म्हणाली. "आता तू दाढी काढ, अजून उतरेल."

ड्रायव्हर त्या गाडीला काडेपेटी म्हणायचे. म्हणोत. संध्याकाळी पाळी संपली की हा त्या काडेपेटीत शिरायचा आणि खाणीमागच्या वळणावळणाच्या जुन्या रस्त्याने घरी जायचा. वीस मिनिटं. गाडी कसली, अंगातला सदराच तो. मनात वळण आलं की वळलेली असायची. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं त्याच्यावर कशाचा भार नसायचा.

घरी अक्का. त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, तेव्हापासून हिनेच वाढवला. लग्न दोघांचंही राहून गेलं. कोणी विषय काढला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवायची, आणि बोट दाखवता दाखवता केस पांढरे झाले. अक्काने तीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काढली. ओल्या चादरींच्या ढिगापुढे आठ-आठ तास उभी. निवृत्त झाली तरी बसायची सवय काही लागली नाही. चहासुद्धा उभ्यानेच प्यायची.

तीच अक्का पडदा बदलायला स्टुलावर चढली आणि पडली. खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, आत नवा सांधा बसवला, आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: "तीन महिने, आठवड्यातून तीनदा इथे व्यायामाला आणायचं. खुर्चीत बसतो त्यापेक्षा जास्त कंबर वाकू द्यायची नाही. व्यायाम झाला तर चालतील. चुकवला तर पलंग, आणि मग पलंगच."

पहिल्या दिवशी काटेवाल्याने तिला काडेपेटीतून नेलं. घरापाशी कशीतरी आत गेली, उतारावरून पाणी जातं तशी. पण पाणी उतार चढत नाही. हॉस्पिटलच्या दारात ती बाहेरच निघेना. वाकायचं नाही म्हटल्यावर त्या खड्ड्यातून माणूस निघणार कसा? शेवटी दोन कामगार आले, बगलेत हात घालून त्यांनी तिला ओढून काढली. वर धुलाईखान्याची खिडकी. तिने ज्यांना चादरीची घडी घालायला शिकवलं त्या तिघी-चौघी खिडकीत वाकून बघत होत्या. त्यातली एक मायेने ओरडली, "अक्का, सांभाळून हो!"

त्या मायेनेच घात केला. घरी आल्यावर अक्का भिंतीकडे बघत म्हणाली, "तीस वर्षं त्या दारातून मळक्या चादरींची गाठोडी मी आत ओढली. आज मला ओढलं. मी परत जाणार नाही."

"अक्का, तीन महिन्यांचा प्रश्न आहे."

"पलंग आहे ना घरात? मग झालं."

टॅक्सी आणली. तिच्यात बसताना मान आणि कंबर एकदमच वाकवावी लागे; अक्का कळवळून मागे फिरली. शेजारच्या रंगाऱ्याची उंच गाडी आणली, तर पायरीवर पाय चढेना. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तेव्हा म्हणाली, "त्यातून एकदाच जाईन, आणि तेव्हा मला घाई नसेल." काटेवाल्याने काडेपेटीच्या सीटवर दोन जाड उशा टाकून सीट उंच केली, तर डोकं छताला. एक उशी काढली, तर गुडघे हनुवटीला. असं करता करता व्यायामाचे दोन दिवस बुडाले. सकाळी उठून तिला पलंगावरून उठवायचं, न्हाणीपर्यंत न्यायचं, परत आणायचं, मग सहाची पाळी. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा आणि ट्रकच्या हादऱ्याने उघडायचा.

काट्यावर एक ड्रायव्हर यायचा, टोपणनाव पहिलवान, अंगाने हँगरवर लटकवलेला शर्ट. त्याने विचारलं, "काटेवाले, तोंड का एवढं उतरलंय? किती किलो कमी?"

काटेवाल्याने उशांची सगळी कथा सांगितली.

पहिलवान हसला. "उशी बसते, डोकं बसत नाही. मग छप्परच कापून टाका की!"

"चिठ्ठी घे आणि चालता हो."

पहिलवान गेला. पण त्याचं बोलणं मागे राहिलं. पुढचे तीन ट्रक काटेवाल्याने कसे मोजले ते त्यालाच ठाऊक. छप्पर नसेल तर मान वाकवायची गरज काय? उशा हव्या तेवढ्या घाला. पुढच्या काचेची चौकट धरायची, सरळ उभं राहायचं, आणि मग शांतपणे वळायचं. डोक्यावर आभाळ, ते कोणाला लागत नाही.

काडेपेटीचं छप्पर कापता येत नव्हतं. तिचा सगळा जीवच त्या छपरावर. म्हणून रविवारी तो जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेला. तिथे एक चार सीटची कन्व्हर्टिबल उभी होती, बटण दाबलं की छप्पर घडी होऊन मागे जाणारी. रंग पेंगुळलेला, दारं लांबच लांब, मागच्या सीटवर वॉकर वरूनच ठेवता येईल अशी. काटेवाल्याने एकच प्रश्न विचारला. "वजन किती?"

विक्रेता गोंधळला. "साहेब, लोक ॲव्हरेज विचारतात."

कागदात बघून त्याने सांगितलं. चौदाशे साठ. काटेवाल्याने डोळे मिटले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मग त्याने एक पाय काठीसारखा ताठ केला, चौकट धरली आणि त्या गाडीत नऊ वेळा बसून नऊ वेळा उतरला. विक्रेत्याने हळूच आतून दुसऱ्या माणसाला बोलावून घेतलं, न जाणो.

दोन गाड्या ठेवायची ऐपत नव्हती, जागाही नव्हती. काडेपेटी एका तरुण दाताच्या डॉक्टरने घेतली. आत बसून तो लहान मुलासारखा हसला.

"जादा चाक कुठेय काका?"

"काढलंय."

"रेडिओ?"

"काढलाय."

"मग आत आहे तरी काय?"

"गाडी आहे," काटेवाला म्हणाला.

ती निघाली तेव्हा त्याने पाहिलं नाही, पण कान कुठे मिटता येतात? डॉक्टरने दुसरा गिअर उशिरा टाकला. कोपऱ्यावर पुन्हा उशिरा. शिकेल, असं म्हणत काटेवाला त्या नव्या गाडीत बसला आणि नेहमीच्याच वळणांनी घरी आला. स्टिअरिंग म्हणजे लोण्यात हात. वळण येऊन गेल्यावर गाडीला बातमी लागायची. सोफा चालवत आणल्यासारखं वाटलं त्याला.

अक्काने खिडकीतून बघितलं.

"ही कोणाची?"

"आपली. छप्पर उघडतं. तुला उभ्याने उतरता येईल."

"आणि ती?"

"विकली. जुनी झाली होती ग. माझीही कंबर धरायची तिच्यात."

"खोटं बोलताना तू कान खाजवतोस, बाळ्या. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून." तिने तोंड फिरवलं. "माझ्यापायी विकलीस. आता मी त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही. आधी लोकांनी मला ओढायचं, मग भावाने माझ्यासाठी जीव काढून द्यायचा. मला कोणाच्या बोकांडी बसायचं नाही."

दुसरा दिवस व्यायामाचा होता. हा पाळी बदलून घेऊन सकाळीच तयार. गाडी दारात, छप्पर उघडं, सीटवर दोन उशा. अक्का पलंगावर, चादर गळ्यापर्यंत. फोन आला, व्यायामाची बाई विचारत होती, "आजी येताहेत ना? आणखी एक दिवस बुडाला तर सांधा आखडेल."

काटेवाल्याने फोन ठेवला. तो समजूत घालायला म्हणून खोलीत शिरला होता. रात्रीपासून मनात वाक्यं जुळवली होती. पण पलंगाच्या कडेला बसला आणि त्याला ती वाक्यं उचलवेनात.

"मी दमलोय, अक्का," तो म्हणाला.

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी विकली, हे अर्धंच खरं. तू पलंगाला लागलीस तर रोज तुला मला उचलायचंय. आज उचलतोय. उद्या उचलीन. साठीनंतर मला जमणार नाही, आणि मग आपण दोघं दोन पलंगांवर पडून एकमेकांना हाका मारू. पाणी कोणी द्यायचं? मला तू चालायला हवी आहेस. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला तुला उचलवत नाही ग."

एवढं बोलून त्याने तोंड दोन्ही हातांत धरलं. बाहेर कोणीतरी गाडीकडे बघून काहीतरी बोलून गेलं.

"तू अकरा वर्षांचा होतास," अक्का शेवटी म्हणाली. "मी धुलाईखान्यातून आले आणि तू तुझा चिखलाचा शर्ट माझ्यापुढे टाकलास. मी तुला काय म्हटलं होतं?"

"मी दमले. तुझा शर्ट तू धू."

"धुतलास की नाही?"

"रडत रडत."

"रडतच का होईना, धुतलास." तिने चादर बाजूला केली. "इतके दिवस साखर घोळून बोलत होतास. मला वाटलं, मी मेलेच आहे आणि हा चांगलं बोलतोय. वॉकर दे इकडे."

गाडीत बसायला तिला पाच मिनिटं लागली. रस्ताभर ती दोन उशांवर ताठ बसून होती, आजूबाजूच्या गाड्यांकडे वरून बघत. "ही गाडी तुला आवडत नाही," मधेच म्हणाली.

"नाही."

"मलाही नाही. उघडी-नागडी मेली."

हॉस्पिटलच्या दारात त्याने पलीकडून येऊन दार उघडलं. दोन कामगार पुढे आले. अक्काने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते होते तिथेच थांबले. तिने काचेची चौकट धरली. ताकद लावताना तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मग ती उभी राहिली, गाडीच्या आतच, सरळ, वर बघत. मागे एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"एवढी घाई असेल तर वरून उडून जा रे!" ती न वळता म्हणाली, आणि मग एकेक पाय करत खाली आली. काटेवाल्याचे हात पुढे झालेले तसेच हवेत राहिले. तिला लागले नाहीत.

वॉकर टेकत ती आत गेली. व्यायामाची बाई दाराशी होती. "आजी, आलात!"

"आजी म्हणू नकोस. माझं लग्न व्हायचंय अजून."

काटेवाल्याने गाडी सावलीत लावली. चाळीस मिनिटं होती. छप्पर घालायचाही कंटाळा आला. त्याने मान मागे टाकली आणि ट्रकशिवाय, हादऱ्याशिवाय, कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याचा डोळा नीट लागला.

वॉचमनने दार ठोठावलं. "काका, उठा. तुमचं पेशंट कधीचं दारात उभं आहे."

तो दचकून उठला. अक्का वॉकर धरून पायरीच्या कडेला उभी होती. ऊन तिच्या पायापर्यंत सरकलं होतं.

"किती वेळ उभी आहेस? हाक का नाही मारलीस?"

"झोपला होतास." तिच्या कपाळावर घाम होता. "आणि बाईने सांगितलंय, रोज दहा मिनिटं उभं राहायचं. म्हटलं, इथेच राहते."

"दहा मिनिटं झाली?"

"जास्तच झाली. आता पाय थरथरतोय. दार उघड, बाळ्या, लवकर."