कामून

"खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत. तुम्ही हॉस्टेलच्या पोरी खाली सतरंजीवर बसा."

सर असं म्हनले तवा पाहुने कवाच येऊन बसले व्हते. खुर्च्यांच्या फुडच्या दोन वळी निम्म्या रिकाम्या. तरी आमी खाली. मी आन शबाना. मी मुडबीची, धनगराची. बाप दुसऱ्याच्या रानात तूर कापायला जातो. शबाना भालकीची, तिचे अब्बा साखर कारखान्यात हमाली करतेत. गुलबर्ग्याच्या हॉस्टेलात आमची खोली एक, शेंगाच्या चटनीचा डब्बा एक. एकीच्या घरून आला की दोघीनं खायाचा.

कॉलेजातल्या ह्या सरांचं सिनेमा मंडळ व्हतं. मराठीतून चर्चा व्हायची, म्हनून मी हौसेनं गेलते. शबानाला मीच वढून नेलतं.

पिच्चर कुठल्या तरी लांबच्या देशातला. तिथं लष्कराचं राज्य. सूतगिरणीतल्या दोन मैतरनी, एक पाव दोघीत मोडून खानाऱ्या. एका आजारी बाईला साहेब कामावरून काढतो. त्यातली एक मैतरीन उठून साहेबाला इचारती, का काढलं? बस, येवढंच. शिपाई येतेत आन तिला उचलून नेतेत. दुसरी मशीनवर मान खाली घालून ऱ्हाती. पिच्चर खलास.

दिवे लागले. खुर्चीवरच्या बाया रुमालानं डोळे टिपायल्या. सरांनीबी रुमाल काढला.

"काय धाडस त्या मुलीचं! एक प्रश्न विचारला फक्त." मग म्हनले, "कुणाला काही बोलायचंय?"

मी उठले.

"सर, ती दुसरी कामून गप बसली? मैतरीन व्हती की तिची."

आख्खा हॉल हसला. एक बाई शेजारणीला म्हनली, "कामून! अगं, किती गोड!" डोळे अजून वलेच व्हते तिचे.

सर हसू दाबत म्हनले, "आधी शुद्ध बोलायला शीक, मग सिनेमावर बोल."

तोंडावर थुंकल्यावानी झालं मला. मी रांगत व्हते तवापासून माय मला याच शबदानं जवळ घेती. कामून रडायलीस गं? कामून जेवली न्हाईस? तो शबद अशुद्ध? आन तुमचं ते रुमालातलं रडनं शुद्ध व्हय?

मी बोलायच्या आधी शबाना उभी ऱ्हायली.

"सर, कायकू हँसे सब? वो पूछी, जवाब देव."

सरांचं हसू गेलं. "तुला कुणी विचारलं? हा मराठी कार्यक्रम आहे. चल, बाहेर हो." मग माझ्याकडं वळून, आवाज मऊ करून म्हनले, "तू बस. तू आपली आहेस. शिकशील हळूहळू."

आपली!

आत्ता घडीभरापूर्वी मी सतरंजीची व्हते. हसायची चीज व्हते. शबानाला हाकलायचं म्हनल्यावर लगेच आपली झाले? माझं डोकं असं फिरलं की बास. शबाना दारात चपला शोधायली. समदे माझ्याकडं बघायले, ही आता बसती का म्हनून.

"सर, पडद्यावरच्या पोरीनं इचारलं तर धाडस. माझ्या मैतरनीनं इचारलं तर बाहेर हो. कामून?"

ह्या बारीला कुनी हसलं न्हाई. ती वल्या डोळ्यांची बाई पर्समधी काय तर हुडकायली.

मी शबानाचा हात धरून भायेर पडले. पायऱ्या उतरताना ती म्हनली, "तू कायकू आई? तेरेकू तो बैठ बोले थे." मी म्हनलं, "म्हनूनच आले."

दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला. माफी माग, मंडळात घेतो. एकटीला. मी न्हाई मागितली. आन मागनारबी न्हाई. माझा शबद धुवून, इस्त्री करून त्यांच्या फुडं ठिवायला मी त्यांची धोबीन न्हाई.

फुडच्या महिन्यात आनखी एक पिच्चर हाय. आमी जानार हाव. दोघीबी. फुडच्या वळीत, खुर्चीवर बसनार हाव. आन कुनी उठ म्हनलं तर हलायच्या आधी तोंडावर इचारनार हाव, कामून?