दुर्बिणीची तिकाटी

गावच्या जत्रेतल्या नाटकात मी सलग सात वर्षं नायिका होतो. नऊवारी नेसून रंगमंचावर आलो की गावच्या बायका पदर तोंडाला लावायच्या आणि माझी स्वतःची बायको उठून घरी जायची. पण माझी खरी कला निराळी होती. मी पाखरांचे आवाज काढायचो. टिटवी, होला, मोर, लावा आणि सगळ्यांत सरस, तितर.

या कलेचे रसिक दोनच. माझ्या मळ्यातल्या विहिरीच्या बांधावर, घाणेरीच्या जाळीत तितराचं एक जोडपं राहायचं. रोज सकाळी मोट जुंपण्याआधी मी साद घालायचो. नर तिकडून तावातावानं उत्तर द्यायचा, मागोमाग मादी. तीन उन्हाळे आमचं हे चाललं होतं. ही जागा मी कुणालाही दाखवली नव्हती.

जर्मनची लढाई संपली आणि बायकोचा धाकटा भाऊ पलटणीतून रजेवर आला. साताऱ्याला उतरून तो आधी आमच्याकडे, कृष्णाकाठी आला. गळ्यात दुर्बीण, खिशात टिपणवही, आणि खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक.

"दाजी," तो म्हणाला, "तुमी पाखरं बोलवता म्हनं. उद्या दिसभर हिंडू. मला बघायची हायेत."

माझ्या कलेला गिऱ्हाईक! मला रात्रभर झोप नाही.

पहाटे भाकरी बांधून देताना बायको हळूच म्हणाली, "आवं, त्याच्या खांद्यावर काय हाय ते तरी इचारा."

मी विचारलं. "दुर्बिणीची तिकाटी," मेव्हणा म्हणाला. "हात हालला की पाखरू हालतंय." मी बायकोकडे असं पाहिलं, जसं नाटकातला राजा अडाणी दासीकडे पाहतो.

सुरुवात नदीपासून केली. वाळूत टिटवीची अंडी होती. मी टिटवी झालो, तशी खरी टिटवी डोक्यावर घिरट्या घालत मला शिव्या देऊ लागली. मेव्हण्यानं टाळ्या वाजवल्या. "वन्स मोअर, दाजी!" दरडीवरचा खंड्या मी त्याला दाखवला. निळाभोर, चोचीत मासा.

"लिहिलास का?"

"त्येचं काय लिवायचं?" तो म्हणाला. पण लव्हाळ्यात पाणकोंबड्या दिसल्या तशी वही बाहेर आली.

उसाच्या कडेला भारद्वाज दिसला. शुभ शकुन म्हणून मी हात जोडले, त्यानं वही उघडली नाही. बाभळीवरचे होले मात्र मोजून लिहिले. डोंगराच्या घळीत मी मोराची केका काढली, वरून तीन मोरांनी उत्तर दिलं. तेही लिहिले. दुपारी आंब्याखाली भाकरी खाताना तो म्हणाला, "दाजी, लय देश बघितलं, असा गळा न्हाई ऐकला." हे ऐकून मी माझ्या वाटणीचा कांदासुद्धा त्याला दिला.

उन्हं कलल्यावर माळावर गेलो. चंडोल आभाळात गात होता, त्याच्याकडे त्यानं मान वर केली नाही. कुसळी गवतातले लावे लिहिले. आज सांगताना मला हसू येतं. दिवसभर तो काय लिहीत होता आणि काय सोडत होता, हे बैलालाही कळलं असतं. पण बैलाला कुणी वन्स मोअर देत नाही.

"आणि तितर?" त्यानं विचारलं.

मी थांबलो. आईशप्पथ, थांबलो होतो. पण त्यानं दोन्ही हात जोडले, "दाजी, तेवढं ऐकवा, मग झालं." मग मी माझा मळा, माझी विहीर, माझा बांध, सगळं त्याला दाखवलं.

मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याआड बसून मी साद घातली. संध्याकाळी मी कधी हाक देत नसे, तरी जाळीतून लगेच उत्तर आलं. दुसऱ्या सादेला नर बाहेर आला, मान ताठ करून, बांधावरून धावत, थेट माझ्याकडे. मी डोळ्यांत पाणी आणून मेव्हण्याकडे वळलो, की बघ, याला म्हणतात ओळख.

घोंगडी खाली पडली होती. तिकाटीला एकच पाय होता आणि तो पोकळ होता.

बार झाला. कावळे उठले, बैलांनी दावी ओढली. बांधावर पिसं उडत होती.

"पाखरू हाय चांगलं," मेव्हणा बंदुकीची नळी उघडत म्हणाला. "साताऱ्याला आमचा सायब हाय, त्याला तितर लय आवडतंय. उन्हात मास टिकत न्हाई, म्हनून सांजंपतूर थांबलो. बाकीच्या जागा लिवून घेतल्यात, सायबाला घिऊन यीन." मग त्यानं नवं काडतूस भरलं आणि हसून म्हणाला, "आता मादीला बोलवा, दाजी. वन्स मोअर!"

बाजारात पारधी पिंजऱ्यात पाळलेला तितर आणायचा. तो ओरडायचा आणि रानातले त्याच्या आवाजावर येऊन फाशात पडायचे. मी त्या पिंजऱ्यासमोर उभा राहून दरवेळी त्या पाखराला शिव्या दिल्या होत्या.

मी तोंडाशी हात नेला आणि पाखरं मारणाऱ्या शिक्र्याची किंकाळी काढली. एकदा, दोनदा, घसा फाटेपर्यंत. जाळीत जी काही सळसळ होत होती ती बंद पडली. शिक्रा आला की तितर जमिनीला चिकटून बसतो, मग त्याला कुणीही हलवू शकत नाही.

"आवं दाजी, ह्ये काय केलंसा?"

"नाटक संपलं," मी म्हणालो.

पहाटेच्या गाडीनं तो एक तितर घेऊन गेला. बायकोनं त्याला शिदोरी दिली नाही. ती माझ्याशीही दोन दिवस बोलली नाही आणि मी कारण विचारलं नाही.

तिसऱ्या सकाळी मोट जुंपत होतो. जाळीतून मादीची साद आली. सवयीनं, नकळत, मी उत्तर दिलं.

ती अर्ध्यातच थांबली. मी हातात मोटेचा नाडा धरून बराच वेळ उभा राहिलो. बांधावर गवताची काडी हलली नाही.