बाबांच्या गावाचा पिनकोड
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला रायपूरच्या बुढापारा भागातल्या कुरिअरच्या दुकानातली ती दुपार आठवते. शहर नुकतंच नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झालं होतं. हाती आलेली रेल्वेची नोकरी नाकारून मी त्या दुकानात, गावाच्या नावावरून पिनकोड शोधून देणारा प्रोग्राम पर्ल नावाच्या संगणकभाषेत लिहीत होतो. त्यावरून बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. त्या दुपारी मात्र ते अचानक येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "काय करून राहिला?" मी म्हटलं, "गावाचं नाव टाका बाबा, पिनकोड येते." त्यांनी एका बोटानं, अक्षरं शोधत, वर्ध्याकडचं आपलं गाव टाइप केलं. क्षणभर काहीच उमटलं नाही, तसं मी वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग गाव, जिल्हा, पिनकोड, सगळं पडद्यावर आलं. "एवढंसं गाव, तेही घेतलं तू?" "सगळीच घेतली." त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता तुझ्या आईचं माहेर काढून पाहू." संध्याकाळपर्यंत आम्ही साऱ्या सोयऱ्यांची गावं शोधत बसलो. पुढे मी मोठमोठ्या कंपन्यांसाठी प्रोग्राम लिहिले, पण पडद्याकडे बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे तितक्या आशेनं पुन्हा कधी पाहिलं नाही.