जुळारीदादांचं चौथं कडवं

आमच्या नाटक कंपनीची पदांची पुस्तिका ज्या छापखान्यात निघायची, तिथे एक खिळे जुळवणारे होते. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. चाळीस वर्षं हेच काम. सगळे त्यांना जुळारीदादा म्हणत. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं, बोटांची टोकं कायम काळी. गेल्या महिन्यात ते गेले. चार माणसं जमली, चार शब्द बोलली. त्यांच्या कवितेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, कारण ती दोघींनाच ठाऊक होती. एक त्यांची बायको, दुसरी मी.

दादांनी आयुष्यात एकच कडवं केलं, तेही रिकामी जागा भरायला. नायिकेच्या, म्हणजे माझ्या, एका पदाची कवींनी तीन कडवी दिली होती. पान जुळवल्यावर खाली चार बोटं पांढरी राहिली. दुसरा कुणी असता तर वेलबुट्टी टाकून मोकळा झाला असता. दादांनी कागद-पेन्सिलही न घेता थेट खिळ्यांतच जुळवलं:

दिवा जरा जवळ आण, ओठ तुझे दिसू देत,
शब्द येती चालत जे, डोळ्यांपाशी बसू देत.

दादांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, लग्नानंतर दोन वर्षांनी ताप आला आणि दोन्ही कान गेले. तेव्हापासून त्या नवऱ्याचे ओठ वाचायच्या. "दिवा गेला की आमच्या घरात भांडण बंद," त्या म्हणायच्या, "आणि गोडही बंद." आमच्या नाटकातली पदं त्यांना भेटायची ती फक्त पुस्तिकेत. लोक जे कानांनी घरी नेत, ते वहिनी डोळ्यांनी नेत. ती पहिली पुस्तिका दादांनी शाई वाळायच्या आत घरी नेली आणि त्या ओळींवर बोट ठेवलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्या प्रयोगाला मी मला शिकवलेली तीन कडवी गायले आणि वळले, तर लोक पुस्तिका उंचावून ओरडायला लागले, "चौथं राहिलं! चौथं राहिलं!" छापलेलं ते खरं, गाणारी खोटी! पहिल्या रांगेतून कुणीतरी पुस्तिका वर दिली. ती बघून मी चालीत बसवलं. 'जवळ आण' म्हटल्याबरोबर आमचा आज्ञाधारक नायक निघाला दिवा उचलायला. दिवा विजेचा, टेबलाला ठोकलेला. त्यानं दिला हिसका, वायर तुटली आणि रंगमंचावर काळोख. लोक हसून हसून आडवे.

दुसऱ्या प्रयोगाला मी ओळच फिरवली: 'दिवा जरा लांब ठेव, डोळे दोन्ही मिटू देत.' पुढची ओळ गाळून हीच घोळवली. शिट्ट्या आल्या, वन्समोअर आला. टाळ्या ऐकून कवीही म्हणाले, "हो, हो, माझंच आहे ते कडवं." तबकडी निघाली ती याच शब्दांची. रेडिओवर तेच लागलं, आणि आता फोनवर तर बाकीची तीन कडवी कुणाला आठवतही नाहीत. कोवळी कोवळी मुलं तेवढीच एक ओळ गाऊन एकमेकांना पाठवतात.

तबकडी निघाली तेव्हा दादा विंगेत आले होते. म्हणाले, "बाई, तुम्ही काय गायचं ते गा. तिला ऐकू येणारच नाही. पुस्तिकेतलं मात्र मी बदलणार नाही."

कडवं कुणी केलं आणि कुणासाठी, ते तेव्हा मला कळलं. लाज वाटली. पण टाळ्या चालू होत्या, आणि टाळ्या चालू असताना ओळ परत करणारी नटी मी तरी पाहिलेली नाही.

परवा त्यांची नात माझ्याकडे आली. "आजी तीन दिवस धड जेवत नाहीये. आजोबांच्या छापखान्यातलं गाणं म्हणून मी तिला फोनवर दाखवलं. खाली शब्द येतात ना, ते तिनं वाचले आणि फोन पालथा ठेवला."

मी तशीच गेले. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. माझं तोंड उजेडात येईल अशी खुर्ची त्यांनीच सरकवली.

"बाई, खरं सांगा. त्यांनीच बदललं ना नंतर?"

"कुणी? दादांनी?"

"शेवटची चार वर्षं त्यांना उजेड सोसत नव्हता. दिवा बंद करून बसायचे. मी म्हणायची, डोळ्यांचं दुखणं आहे. आता कळलं. दिवा आधीपासूनच लांब हवा होता. बहिरीशी बोलून बोलून माणूस थकतोच हो."

"वहिनी, मी बदललं. मी!" दिव्याची, वायरीची, शिट्ट्यांची सगळी हकीकत मी सांगितली. एकही शब्द गाळला नाही.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "समजूत घालू नका. तुम्ही नाटकवाल्या. तुम्हाला डोळ्यांत पाणीसुद्धा हवं तेव्हा आणता येतं."

चाळीस वर्षं मी तेच केलं होतं.

घरी येऊन ट्रंक उपसली. सकाळी पुस्तिका घेऊन पुन्हा गेले. सातवी आवृत्ती, शेवटची. त्यानंतर छापखानाच बंद पडला. वहिनींनी पान काढलं. ओठ हलवत वाचलं. मग आवृत्तीचा आकडा वाचला. मग पुन्हा कडवं.

"सातवी?"

"सातवी. आमचे मालक दर आवृत्तीला छापखान्यात जाऊन त्यांना चारचौघांत झाडायचे. 'बाई गाते एक आणि छापता एक, डोळे फुटले काय?'"

"आणि हे?"

"मान खाली घालून 'चुकलं मालक' म्हणायचे. पुढच्या वेळी पुन्हा तेच छापायचे."

पुस्तिका वहिनींनी मांडीवर उपडी ठेवली, वर हात ठेवला. म्हणाल्या, "घरी येऊन मला सांगायचे, आज माझ्या प्रुफात एकही चूक निघाली नाही. लबाड!" मग नातीकडे वळून, "वाढ गं. भूक लागलीय."

नात ताट घेऊन आली, पण तिच्या डोक्यात फोनच. "आजी, ते शब्द दुरुस्त करायला मी त्या गाण्याच्या ॲपवाल्यांना कळवलं असतं. पण आवाजाशी जुळणार नाहीत, म्हणून ते परत पाठवतील."

"आवाजाशी मला काय करायचंय?" वहिनी म्हणाल्या.

त्यांना काही करायचं नव्हतं, पण मला होतं. ऐंशी उलटलेल्या माझ्या गळ्याचं आता फुटकं मडकं झालंय. तरी नातीला म्हटलं, "धर तो फोन." तंबोरा नाही, पेटी नाही. मी जुळारीदादांचं कडवं, त्यांनी जुळवलं तसं, पहिल्यांदा पूर्ण गायले. दुसरी ओळ तर मी आजवर तोंडातून काढलीच नव्हती.

वहिनींचा घास हातातच थांबला होता. नजर माझ्या तोंडावर.

"'आण' नीट दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हणा."

नातीनं फोनमधलं पहिलं रेकॉर्डिंग पुसलं. मी पुन्हा म्हटलं.